सप्त्यात ‘तीर्थ विठ्ठल’ बसवताना

नरसीच्या (जि. हिंगोली) नामदेव महाराजांचा हा अभंग. शब्द आपल्याकडच्या भजनी मंडळांना पाठ असतात, पण कानात घुमते ती राम फाटकांनी बांधलेली आणि पंडित भीमसेन जोशींनी गायलेली चाल. राग अहिर भैरव. ही चाल उभी करायची तर आधी पेटीवर राग नीट बसवून घ्या.

रिषभ (रे) कोमल, निषाद (नी) कोमल, म्हणजे नेहमीच्या जागेपेक्षा अर्धा स्वर खाली, बाकीचे सगळे शुद्ध. काळी १ चा (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरला तर पट्ट्या अशा: सा काळी १, रे पांढरी २, ग पांढरी ४, म काळी ३, प काळी ४, ध काळी ५, नी पांढरी ७. गवयाचा आवाज तार षड्जाला (वरच्या सा ला) ताणत असेल तर सरळ पांढरी १ घ्या. तिथे रे काळी १ वर आणि नी काळी ५ वर येतो, बाकी सगळ्या पांढऱ्या: ३, ४, ५, ६.

सगळ्यात जास्त चूक धैवताला (ध) होते. काकड्यात (पहाटेच्या भजनात) भैरवातल्या चाली वाजवून बोट कोमल धैवतावर जायला सरावलेलं असतं. इथे तो लागला की अहिर भैरव संपलाच. खालचं अंग भैरवाचं, वरचं काफीचं, हे पेटीवाल्याने पक्कं लक्षात ठेवावं. दुसरी गोष्ट रिषभाची. गवई तो झुलवत, किंचित उतरता लावतो. पेटीची पट्टी मात्र जागची हलत नाही. म्हणून गवई रिषभावर थांबला की पेटीने त्याच्या मागे लागू नये, सा धरून बसावं.

मृदंगाच्या डाव्या पुडीला (कातड्याला) खर्जासाठी कणीक लावतात, ती मुठीएवढी पुरते. कोमट पाण्यात मऊ मळा, तेल अजिबात लावू नका, नाहीतर ती पुडीवरून सुटते. डाव्या पुडीचा मधला भाग ओल्या बोटाने पुसून मगच थापा. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर थाप बसकी होते. चिमूट-चिमूट काढत किंवा लावत जुळवा. शाईची (उजवी) बाजू गवयाच्या षड्जाला लावा. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. चैत्र-वैशाखातल्या सप्त्यात कोरड्या हवेने पुडी ताणते आणि स्वर आपोआप चढतो. कणीकही वाळून कडेने तडकते. ओलं फडकं जवळ ठेवा आणि दोन अभंगांच्या मध्ये एकदा स्वर तपासा. आषाढात उलटं होतं, दमट हवेने पुडी सैल पडते.

ठेका आठ मात्रांचा भजनी. टाळ तळव्यात दाबून वाजवा, शब्दावर चढू देऊ नका.

आता गाण्याचं. पहिल्या तीन चरणांत ‘विठ्ठल’ बारा वेळा येतो: तीर्थ, क्षेत्र, देव, देवपूजा, मग माता, पिता, बंधू, गोत्र, मग गुरू, गुरुदेवता, निधान, निरंतर. शब्द एकच असल्यामुळे मंडळी तो एकसारख्याच जोराने म्हणतात आणि तिसऱ्या चरणापर्यंत दम संपतो. जोर ‘विठ्ठल’वर नको, त्याच्या आधीच्या शब्दावर हवा, दर वेळी नवं येतं ते तिथेच. ‘ठ्ठ’ स्पष्ट फुटला पाहिजे, आणि ‘ल’ लांबवताना त्याचा ‘ला’ होऊ देऊ नका.

तेरावा विठ्ठल शेवटच्या चरणात आहे: ‘नामा म्हणे मज विठ्ठल सापडला’. सगळा अभंग याच शब्दाकडे चाललेला असतो. इथे टाळकऱ्यांनी हात आखडावा, मृदंग हलका ठेवावा आणि ‘सापडला’ एकट्या गवयाला म्हणू द्यावं. घाईने इथेच दुगुण (दुप्पट लय) धरली तर तो शब्द गोंगाटात बुडतो. ‘म्हणोनी कळिकाळा पाड नाही’ पूर्ण होऊ द्या, समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) या, मग धृपद (अभंगाची पहिली ओळ) दुगुणीत उचलून नामाच्या गजराला जा.