डोंगर हवेत, मोटारी नकोत : दक्षिण युरोपातील जुन्या रेल्वेवाटांवरून सायकलप्रवास

दक्षिण युरोपाच्या डोंगराळ भागात सायकलने हिंडायचे ठरवणारे बहुतेक जण नकाशावर आधी पाहायची गावे निवडतात आणि मग ती जोडणारे रस्ते शोधतात. मोटारींची वर्दळ टाळायची असेल तर हा क्रम उलटा करावा. आधी वाट निवडावी आणि गावे तिच्या ओघाने येऊ द्यावीत. या मुलखात खोऱ्यातून जाणारा सोपा रस्ता बहुधा एकच असतो आणि तो ट्रक, बस व मोटारींनी धरलेला असतो. त्यांच्यापासून सुटका हवी तर धारेवरचा रस्ता घ्यावा लागतो, आणि तो घेतला की चढ छातीवर येतो. या पेचातून सुटण्याची सोय रेल्वे बांधणाऱ्या अभियंत्यांनी नकळत करून ठेवली आहे.

वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. त्यामुळे मार्ग आखताना शंभर मीटर अंतरात दोन-तीन मीटरांहून अधिक उंची वाढू नये, याची काळजी घेतली जाई आणि त्यासाठी डोंगर पोखरून बोगदे काढले जात, दऱ्यांवर पूल बांधले जात. पुढे यांतले अनेक मार्ग तोट्यात जाऊन बंद पडले, रूळ उचलले गेले आणि उरली ती मोटारींना मज्जाव असलेली, पायी व सायकलने जाणाऱ्यांची वाट. स्पेनने १९९३ पासून अशा वाटांचा पद्धतशीर कार्यक्रम हाती घेतला. तिथे त्यांना ‘व्हियास व्हेर्देस’, म्हणजे हिरव्या वाटा, म्हणतात आणि आज त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेली आहे.

पहिल्याच प्रवासासाठी ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियातील ओलोत ते जिरोना ही ५४ किलोमीटरांची वाट घ्यावी, असे मी सुचवेन. ओलोतच्या आसपासचे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी आहेत. तिथून निघाल्यावर सुरुवातीला एक खिंड ओलांडावी लागते आणि त्यानंतर जिरोनापर्यंत जवळजवळ सगळा उतारच आहे. जिरोनाला रेल्वे स्थानक असल्यामुळे परतीची चिंता नसते, आणि पाय शिल्लक असतील तर याच प्रकारची दुसरी वाट पुढे समुद्रकाठच्या सांत फेलिऊ दे ग्विशोल्सपर्यंत नेते.

खरा डोंगराळ अनुभव मात्र दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात मिळतो. ओल्व्हेरा ते पुएर्तो सेर्रानो ही ३६ किलोमीटरांची वाट १९२०च्या दशकात बांधायला घेतलेल्या रेल्वेमार्गाची आहे. बोगदे झाले, पूल झाले, स्थानकांच्या इमारतीही उभ्या राहिल्या, पण गाडी एकदाही धावली नाही. आज तिच्यावर तीस बोगदे आणि चार मोठे पूल लागतात. वाटेत साफ्रामागोनचा सुळका आहे आणि त्याच्या कड्यांवर गिधाडांची मोठी वसाहत आहे. सकाळी ऊन तापू लागले की ही गिधाडे पंख न हलवता घिरट्या घालत वर चढतात, म्हणून तिथे साधारण दहा-अकराच्या सुमारास पोहोचावे आणि अर्धा तास हाताशी ठेवावा. अंतर कमी आहे म्हणून ही वाट दोन तासांत उरकणारे पाहिले की मला त्यांची कीव येते.

अधिक दिवस असतील तर हाएनहून पुएंते हेनिलपर्यंतची ‘तेलाची वाट’ निवडावी. १२८ किलोमीटरांच्या या मार्गावरून एके काळी ऑलिव्ह तेलाची वाहतूक होत असे, आणि आजही दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत ऑलिव्हच्याच रांगा दिसतात. तेरुएलकडून भूमध्य समुद्राच्या दिशेने उतरणारी ओखोस नेग्रोसची वाट सुमारे १६० किलोमीटरांची आहे आणि ती लोहखनिज वाहणाऱ्या मार्गाची आहे. स्पेनबाहेर जायचे असेल तर त्रिएस्तेहून पोरेचपर्यंत इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अशा तीन देशांतून जाणारी पारेंझाना आहे. हा १२३ किलोमीटरांचा अरुंद रुळांचा मार्ग १९०२ ते १९३५ या काळात चालू होता. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट तपासला जात नाही अशा देशांच्या गटात, असले तरी पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा.

कोणतीही वाट घेतली तरी तिची दिशा ठरवणे हा निम्मा निर्णय असतो. दोन टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरांत दोन मीटर उंची वाढणारा, चढ डोळ्यांना दिसत नाही, पण सामान लादलेल्या सायकलवर वीस किलोमीटर सलग तो चढताना पायांना चांगलाच कळतो. त्यामुळे ओल्व्हेराहून पुएर्तो सेर्रानोकडे, ओलोतहून जिरोनाकडे आणि तेरुएलहून समुद्राकडे जाणेच शहाणपणाचे. तेरुएलहून निघताना आधी बाराशे मीटरांवरची एस्कांदोनची खिंड चढावी लागते, पण त्यानंतर दिवसभर उतार मिळतो.

एक रेल्वेवाट संपून दुसरी सुरू होईपर्यंत मधले अंतर साध्या रस्त्यांनी कापावे लागते आणि तिथे किलोमीटर मोजून उपयोग नसतो, चढाई मोजावी लागते. भरलेल्या पिशव्या लावून आठ टक्क्यांच्या चढावर ताशी पाच किलोमीटर वेग धरला, तर तासाभरात चारशे मीटर उंची गाठली जाते. म्हणजे ज्या दिवसाच्या मार्गात आठशे मीटर चढाई आहे, त्या दिवशी दोन तास नुसते चढण्यात जाणार, हे आधीच गृहीत धरावे. असा मार्ग आखताना नकाशावरच्या सर्वांत लहान दर्जाच्या डांबरी रस्त्यांना पसंती द्यावी. जिथे नवा महामार्ग झाला आहे, तिथे त्याला समांतर असलेला जुना राष्ट्रीय रस्ता शोधावा. महामार्गाने सगळी वाहने ओढून घेतल्यामुळे तो अनेकदा रिकामा पडलेला असतो. स्पेनमध्ये सायकलला मागे टाकून पुढे जाताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती आहे, हेही लक्षात ठेवावे.

सायकल कोणती, या प्रश्नावर फार खल करू नये. गिअर कोणते, यावर मात्र जरूर करावा. पुढचे लहान चक्र २६ दात्यांचे आणि मागचे मोठे ३६ दात्यांचे असेल, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे दीड मीटर पुढे सरकते आणि मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की वेग ताशी साडेपाच किलोमीटरांच्या आसपास येतो. वर सांगितलेला आठ टक्क्यांचा चढ बसून, गुडघ्यांना त्रास न देता चढायला हाच वेग लागतो. शर्यतीच्या सायकलींवरचे गिअर यासाठी जड पडतात. रेल्वेवाटांचा पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी दाबलेल्या मुरमाचा असल्याने टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे असावेत. कोरड्या कडेला सराट्याची वेल पसरलेली असते आणि तिचा टणक काटा टायर सहज भेदतो; तेव्हा फोटो काढायला थांबताना सायकल गवतात आडवी टाकू नये, आणि ट्यूबलेस टायर असतील तर त्यांतले सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, प्रवासाला निघण्यापूर्वी ताजे करून घ्यावे.

बोगद्यांबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या वाटांवर नवख्या माणसाची फजिती तिथेच होते. माझीही झाली. दुपारच्या लख्ख उन्हातून, डोळ्यांवर काळा चष्मा तसाच ठेवून, मी एका वळणदार बोगद्यात शिरलो आणि दहा-बारा मीटरांतच पुढचे चाकही दिसेनासे झाले. छतावरून मानेवर पडलेल्या गार थेंबाने दचकून हँडल वळले आणि खांदा भिंतीला घासला. तेव्हापासून बोगद्याच्या तोंडाशी थांबून चष्मा काढतो, पुढचा आणि मागचा दिवा लावतो, डोळे सरावेपर्यंत सावलीत उभा राहतो आणि मगच घंटी वाजवत आत शिरतो. काही बोगद्यांत दिव्यांची सोय असते, पण ते चालू असतीलच असे धरून चालू नये.

हंगामाच्या बाबतीत एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दोनच काळ मी विचारात घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये आंदालुसियाच्या आतल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑलिव्हच्या झाडांखाली सावली असली तरी ती वाटेपर्यंत पोहोचत नाही. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू होतो, याचा विचार करून भडक रंगाचा सदरा घालावा. इटलीत मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला कायद्याने बंदी असते; तिथे रानातून जाणारे टप्पे या दोन दिवसांवर टाकणे सोयीचे ठरते.

कळप राखणारे मोठे कुत्रे डोंगरात भेटतात. अशा वेळी वेग वाढवून निसटण्याचा मोह आवरावा. सायकलवरून उतरावे, ती कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी आणि कळपाला वळसा घालून सावकाश चालत जावे. धावणारी वस्तू थांबली की त्यांचा आवेश बहुतेक वेळा ओसरतो.

पाणी निदान तीन लिटर घेता येईल अशी सोय असावी. गावोगावी कारंजी असतात, परंतु नळावर ‘नो पोताब्ले’ असे लिहिले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही असे समजावे. स्पेनच्या खेड्यांत दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात ती पाचनंतर उघडतात, आणि रविवारी तर बहुधा उघडतच नाहीत. म्हणून रविवारची शिधासामग्री शनिवारी सकाळीच घेऊन ठेवावी. उपाहारगृहात रात्रीचे जेवण नऊच्या आधी मिळेल अशी आशा धरू नये; त्याऐवजी दुपारी दोन ते चार या वेळेत पोटभर जेवून घेणे आणि त्या तळपत्या उन्हात सावलीत बसून राहणे, हा तिथला रिवाज सायकलस्वारालाही मानवतो.

मुक्कामाचे ठिकाण ठरवताना एक गोष्ट नेमकी विसरली जाते. जुनी गावे संरक्षणासाठी टेकडीवर वसली आणि रेल्वे तिला सोयीच्या सपाटीवरून गेली. त्यामुळे गावाच्या नावाचे स्थानक खाली आणि गाव वर असते. तेलाच्या वाटेवरील सुएरोस हे पांढऱ्या घरांचे, कड्यावरच्या किल्ल्याचे गाव वाटेवरून अगदी हाताशी दिसते, पण दिवसभर दोन टक्क्यांवर चाललेल्या पायांना तिथे जाताना खऱ्या डोंगराशी गाठ पडते. असे गाव मुक्कामासाठी निवडले असेल तर दिवसाचे अंतर दहा किलोमीटरांनी कमी ठेवावे. किंवा काही जुन्या स्थानकांच्या इमारतींत आता राहण्याची सोय झाली आहे, तिथली खोली आधी नोंदवून वाटेवरच उतरावे आणि गाव दुसऱ्या दिवशी सकाळी, सामान खाली ठेवून, पायी चढून पाहावे.