अचानक चालून आलेली प्रसिद्धीची संधी लहान व्यवसायाने कशी साधावी

३ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना ऐन रंगात आला असताना मैदानातील वीज गेली आणि खेळ सुमारे ३४ मिनिटे थांबला. त्या खोळंब्यात, अंधारातही बिस्किट बुडवून खाता येते अशा आशयाची एक ओळ आणि एक साधे चित्र ओरिओने ट्विटरवर टाकले, आणि त्या सामन्यातील महागड्या जाहिरातींच्या बरोबरीने त्याची चर्चा झाली. मजकूर लिहिणारे, चित्र करणारे आणि मंजुरी देणारे त्या वेळी एकत्र बसलेले होते, हे त्यामागचे खरे कारण. वीज जाणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण काही घडलेच तर कोणी काय करायचे, हे आधीच ठरलेले होते. लहान व्यवसायाकडे एवढा ताफा नसतो, परंतु तिथे निर्णय बहुधा एकाच माणसाच्या हाती असतो, आणि घाईच्या प्रसंगी याचा मोठाच फायदा होतो.

पहिले काम निवांतपणी करून ठेवायचे आहे. व्यवसायाची माहिती एका पानात मावेल अशी लिहावी: काय बनवता किंवा कोणती सेवा देता, कधीपासून, कोणासाठी, आणि इतरांपेक्षा आपले वेगळेपण नेमके कशात आहे. सोबत मालकाचे, कामाच्या जागेचे आणि उत्पादनाचे स्वच्छ फोटो ठेवावेत. छपाईसाठी साधारणपणे इंचाला ३०० पिक्सेल घनतेचे फोटो लागतात; मेसेजिंग अ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि छापताना धूसर दिसतो, म्हणून मूळ फाइल ईमेलने किंवा लिंकद्वारे पाठवावी. हे सारे फोनवरूनही उघडता येईल अशा एकाच फोल्डरमध्ये असावे.

दुसरी पायरी संधी ओळखण्याची. ती दर वेळी मोठ्या घटनेच्या रूपात येते असे नाही. एखाद्या ग्राहकाचा व्हिडिओ अचानक पसरतो, आपल्या क्षेत्राशी संबंधित नियम बदलतो आणि लोकांना त्याचा अर्थ हवा असतो, किंवा बातमीदाराला ऐन वेळी जाणकाराचे मत लागते. अशा प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या विषयावर आपल्याकडे खरोखर उपयोगाचे काही सांगण्यासारखे आहे का? उत्तर नकारार्थी असेल, तर ओढूनताणून संबंध जोडू नये.

बातमीदाराचा फोन आला, तर बोलण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: बातमी नेमकी कशाबद्दल आहे आणि उत्तर किती वाजेपर्यंत हवे आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच संधी हुकते. चारपर्यंत मजकूर हवा असताना रात्री पाठवलेले सुरेख उत्तर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. लगेच बोलणे शक्य नसेल, तर दहा मिनिटांनी फोन करतो असे सांगावे, तीन मुद्दे कागदावर लिहावेत आणि सांगितल्या वेळी फोन करावा. उत्तरे छोट्या, पूर्ण वाक्यांत द्यावीत, कारण तीच जशीच्या तशी छापली जातात. जे छापून येऊ नये असे वाटते, ते बोलूच नये. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा असल्यास तसे स्पष्ट सांगून योग्य व्यक्तीचे नाव सुचवावे. असा माणूस बातमीदार लक्षात ठेवतो.

एखाद्या ग्राहकामुळे प्रसिद्धी मिळाली, तर आधी त्या ग्राहकाची विचारपूस करावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका महिलेची मोटार जळाली, पण आतला स्टॅनली कंपनीचा टंबलर शाबूत राहिला आणि त्यात बर्फही शिल्लक होता. तिचा व्हिडिओ पसरल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी काही दिवसांतच स्वतः व्हिडिओद्वारे तिच्या सुखरूपतेबद्दल समाधान व्यक्त केले आणि नवे टंबलर तसेच नवी मोटार देऊ केली. मोटार देणे लहान व्यवसायाला परवडणारे नाही, पण मालकाने स्वतः, तत्परतेने आणि आपुलकीने बोलणे कोणालाही जमू शकते. ग्राहकाचा फोटो किंवा व्हिडिओ आपल्या जाहिरातीत वापरायचा असल्यास मात्र लेखी परवानगी घ्यावी.

कुठे थांबावे, हेही येथेच सांगायला हवे. अपघात, मृत्यू, पूर, दंगल अशा प्रसंगांचा विक्रीसाठी कधीही वापर करू नये. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी अमेरिकन अ‍ॅपरल या कपड्यांच्या कंपनीने वादळग्रस्त राज्यांतील लोकांना घरबसल्या खरेदीसाठी सवलत देऊ केली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांची नावे व बोधचिन्हे कायद्याने संरक्षित असतात, त्यामुळे विनापरवाना ती जाहिरातीत वापरल्यास नोटीस येऊ शकते.

मजकूर पाठवताच गर्दीची तयारी करावी. संकेतस्थळ उघडते का, फोन कोण घेणार, माल किती शिल्लक आहे, हे त्याच तासात पाहावे. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली, तर माल कधी मिळेल याची खरी तारीख सांगून नोंदणी सुरू करावी. खोटी आश्वासने दिल्यास नव्याने आलेला ग्राहक तक्रारदार होऊन परत जातो.

बातमी प्रसिद्ध झाल्यावर बातमीदाराला आभाराचा छोटा संदेश पाठवावा आणि त्याचे नाव, संपर्क व विषय नोंदवून ठेवावा. छापील पानाचे हक्क प्रकाशकाकडे असतात, म्हणून ते जसेच्या तसे आपल्या संकेतस्थळावर टाकण्याऐवजी मूळ बातमीची लिंक द्यावी. त्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकाला, आपल्याबद्दल कुठून कळले, हे आवर्जून विचारावे आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.