कुलूप फोडायच्या आधी फाईल बघा

लातूरला आमच्या अभ्यासिकेत अधूनमधून कुणीतरी मोबाईल पुढं करतंच. "सर, ई-बुक घेतलं, पण उघडंना की. कुलूप काढायचं एका क्लिकवालं काही असलं तर सांगा ना." मी आधी फाईलचं शेपूट, म्हणजे नावातल्या टिंबापुढची अक्षरं, बघतो.

शेवटी 'एसीएसएम' आणि आकार दोन-चार केबी, म्हणजे ते पुस्तकच नाही. ती पावती आहे, माल अजून उचलायचाय. लॅपटॉपवर ॲडोबी डिजिटल एडिशन्स हे वाचायचं सॉफ्टवेअर टाका, पावती त्यात उघडा, मग खरं पुस्तक उतरतं. सुरुवातीलाच ते ॲडोबी आयडी, म्हणजे ॲडोबीचं खातं, मागतं. खाली 'आयडीशिवाय' असाही एक चौकोन असतो. घाईत मी त्यावरच टिक केली. पुढं लॅपटॉप फॉरमॅट केला आन् पैसे मोजून घेतलेली पुस्तकं उघडायची बंद झाली. आयडी दिला असता तर नव्या मशीनवर तोच टाकून वाचली असती. चूक माझीच.

फाईल ईपब, म्हणजे ई-बुकाच्या नेहमीच्या रूपातली, असली तर कॅलिबरमध्ये ओढा. कोविद गोयल यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. 'कन्व्हर्ट' दाबा. कुलूप नसेल तर पाहिजे त्या रूपात पुस्तक मिळतं, असेल तर डीआरएम (या कुलपाचंच नाव) आहे म्हणून सांगून ते थांबतं. कुलूप कॅलिबर स्वतः काढत नाही. काढून देतो म्हणणारं एक 'सोप्पं' साधन मी उतरवलं होतं. पुस्तक जिथल्या तिथं, ब्राउझर मात्र रमीच्या जाहिरातींनी भरला. वर कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५अ आहे: कॉपीराइट मोडायच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. ग्रुपवर वाटायला तोडणारे त्यात सरळ बसतात.

त्यापेक्षा घेतानाच बघा. ॲमेझॉनच्या किंडल ई-बुक दुकानात काही पुस्तकांच्या माहितीत डीआरएम नसल्याचं लिहिलेलं असतं. जुनं साहित्य तर फुकटच: आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावरून ईपब उतरवा आणि किंडलवर फाईल पाठवायच्या 'सेंड टू किंडल'वर तसंच टाका, बदलायची गरज नाही. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही फुकट मिळतात, पण पीडीएफ असली तर मोबाईल आडवा धरा. उभ्यात अक्षर मुंगीएवढं दिसतंय.