पाणलोटाचं भू-आच्छादन मोजायला बसण्याआधी

भू-आच्छादन म्हणजे जमिनीवर काय आहे: झाडी, गवत की बांधकाम. नकाशांचं (जीआयएस) सॉफ्टवेअर आणि प्रकल्पाच्या हद्दीची फाइल आहे हे धरून चालतो. फाइल कॅडमधून (आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमधून) आली असेल तर प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, विचारून घ्या, अंदाजाने ठोकू नका. सगळे थर एकाच यूटीएम झोनमध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापट्ट्यात) हवेत. अंशांत काढलेल्या क्षेत्रफळाला अर्थ नसतो.

उंचीसाठी 30 मीटर पिक्सेलचा डीईएम (उंचीचा डिजिटल नकाशा) बहुतेक वेळा पुरतो. एसआरटीएम हा डीईएम फेब्रुवारी 2000 चा आहे, त्यानंतरचे बंधारे आणि खाणी त्यात दिसणार नाहीत. कोपर्निकस डीईएम त्यामानाने नवा. डीईएम कोणताही असो, प्रकल्पाच्या हद्दीवर कापू नका, वरच्या डोंगरापलीकडेही भरपूर घ्या. डीईएममधले खळगे भरा, प्रवाहाची दिशा काढा, मग प्रवाहसंचय, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये वरच्या किती पिक्सेलचं पाणी येतं ते.

आता निर्गम बिंदू, म्हणजे पाणलोटाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. इथे घाई नको. उपग्रहचित्रात ओढा दिसला म्हणून तिथे टिचकी मारली, तरी डीईएममधला ओढा एखाद-दोन पिक्सेल बाजूलाच असतो. बिंदू स्नॅप करा, म्हणजे जवळच्या सर्वाधिक संचयाच्या पिक्सेलवर सरकवा. मागच्या खेपेला हेच राहिलं आणि पाणलोट म्हणून उतारावरची एक चिंधी हाती आली. तिची टक्केवारीही सुबक निघाली, कारण टूल तक्रार करत नाही. स्नॅपचं अंतर फार वाढवलंत तर बिंदू शेजारच्या मोठ्या नदीवर जाऊन बसतो, तेही बघा. पाणलोटाची कड समोच्च रेषांवर ठेवून डोळ्यांनी तपासा: डोंगरधारेवरून जाते का? मध्येच ओढा ओलांडत असेल तर परत बिंदूकडे. स्नॅप केलाय ना?

भू-आच्छादनाला वर्ल्डकव्हर (उपग्रहांवरून केलेला जागतिक नकाशा) घ्या, 10 मीटरचं. त्याच्या 2020 आणि 2021 च्या आवृत्त्यांचे अल्गोरिदम वेगळे आहेत; दोन्हींची वजाबाकी करून ‘जंगल घटलं’ असं कृपया लिहू नका. पिक्सेलचा आकार बदलताना नियरेस्ट नेबरच, म्हणजे सर्वात जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा. बायलिनिअर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी) दिलंत तर झाडीचा वर्ग-क्रमांक 10 आणि बांधकामाचा 50 यांची सरासरी 30 येते, आणि 30 म्हणजे गवत. नसलेलं कुरण उगवतं!

काही ठिकाणं ताज्या उपग्रहचित्रावर पडताळा, विशेषतः पडीक शेतं. मग प्रकल्पाच्या जागेचे वर्ग बदला, आधीची-नंतरची टक्केवारी, मातीचा गट, कर्व्ह नंबर (पावसाचं किती पाणी वाहून जाईल याचा निर्देशांक) काढा. तारखा आणि आवृत्त्या लिहून ठेवा.

मध्येच डीईएम बदललात तर जुना बिंदू चालत नाही. पुन्हा स्नॅप.