भाडं तीन रुपयांनी वाढलं, म्हणजे किती वाढलं?

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ रुपयांवरून २६ झालं आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं २८ वरून ३१. वाढ दोन्हीकडे तीनच रुपयांची, तरी जास्त महागली ती रिक्षा. कसं, ते कागद-पेन घेऊन करून पाहा.

आधी नव्या आकड्यातून जुना वजा करा: २६ − २३ = ३. क्रम हाच ठेवा, म्हणजे आकडा घटला असेल तर उत्तर आपोआप उणे येतं. मग या फरकाला जुन्या आकड्याने भागून १०० ने गुणा. रिक्षासाठी ३ ÷ २३ × १०० = १३.०४ टक्के, टॅक्सीसाठी ३ ÷ २८ × १०० = १०.७१ टक्के. हाच सापेक्ष बदल.

सगळी गोम आहे ती कशाने भागायचं यात. जुलै २०१९ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ झालं. उणे ३ भागिले ८, म्हणजे ३७.५ टक्के घट. तेच भाडं ५ वरून परत ८ झालं असतं, तर वाढ ६० टक्के भरली असती! रुपये तेवढेच, पण उतरताना पाया ८ चा आणि चढताना ५ चा.

प्रत्यक्षात मे २०२५ मध्ये ते १० रुपये झालं. ५ च्या मानाने १०० टक्के वाढ. २०१९ आधीच्या ८ च्या मानाने २५ टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणून कुणी टक्के सांगितले की ‘कधीच्या मानाने?’ हे विचारायचंच. आणि टक्क्यांची सरळ बेरीज-वजाबाकी करू नका: १०० मधून ३७.५ गेले की ६२.५ उरतात, पण खरी वाढ २५ चीच आहे.

मूळ आकडाच टक्क्यांत असेल तेव्हा जास्त जपावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्के केला. ‘पाव टक्का कपात’ हा झाला नुसता फरक. सापेक्ष बदल काढला तर ०.२५ ÷ ६.५० × १०० = ३.८५ टक्के घट. कर्जाचा हिशेब करताना या दोहोंची गल्लत महागात पडते.

जुना आकडा शून्य असेल तर हे गणित चालत नाही. दुकानात एप्रिलमध्ये एकही छत्री खपली नाही आणि जूनमध्ये ४० खपल्या, तर टक्के काढत बसू नका. ‘४० छत्र्या खपल्या’ एवढंच सांगा.