पुण्यात या वीकेंडला कोणतं नाटक, कुठलं प्रदर्शन? असं शोधा

आधी पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान बघा, तिकिटांच्या अॅपवर नसलेला प्रयोगही कधीकधी तिथे सापडतो. मग बालगंधर्वला एक चक्कर मारा, १९६८ पासूनचं थिएटर आहे, बाहेर बोर्ड लागलेले असतात आणि खिडकीवर प्लॅन समोर ठेवून सीट निवडता येते, मला तर मधल्या रांगेची कडेची खुर्चीच आवडते. तिथेच कलादालन आहे, नाटकाआधी अर्धा तास लवकर जा आणि चित्रं निवांत बघा, चित्रकार स्वतः बसलेले असतील तर बिनधास्त विचारा, खूप मनापासून सांगतात. प्रायोगिक नाटक बघायचं असेल तर शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, छोटी जागा आहे म्हणून तिकीट आधीच काढा. घोले रोडचं राजा रवी वर्मा कलादालनही सोडू नका.