नवरा जोखमीच्या समुद्रात, बायको बेळगावात: संसारातल्या या चुका टाळा

जहाजावरच्या माणसाशी लग्न झालं की बेळगावात दिलासा ठरलेला असतो: "फौजींच्या बायका राहतातच की!" म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे, आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड, कुठल्याही गावात गेलात तरी एखादं फौजीचं घर भेटतंच. पण या तुलनेवर संसार उभा करणं हीच पहिली चूक. फौजीच्या मागं युनिट असतं, कॅन्टीन असते, सैनिक बोर्ड असतं, शेजारच्या क्वार्टरमध्ये तेच दिवस काढणारी दुसरी बाई असते. मर्चंट नेव्हीतला माणूस सहा-आठ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर जातो. पुढच्या खेपेला जहाज दुसरं, सोबतची माणसं दुसरी, कधी कंपनीही दुसरी. त्याच्या बायकोच्या गल्लीत तांबड्या समुद्राचं नाव फक्त पेपरात वाचलेली माणसं राहतात. तिला काय झालंय हे विचारायला कुणी येणार नाही, हे धरूनच या दोघांनी आपली घडी बसवायला हवी.

आणि हल्ली त्या समुद्राची भीती फुकाची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनचे हुथी बंडखोर हेलिकॉप्टरमधून 'गॅलेक्सी लीडर' जहाजावर उतरले आणि त्यांनी ते ताब्यात घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरला क्षेपणास्त्र लागून आग लागली. त्यावर २२ भारतीय होते. आपल्या आयएनएस विशाखापट्टणमच्या पथकानं ती आग विझवायला मदत केली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावरच्या हल्ल्यात ३ खलाशी मेले. एप्रिलमध्ये इराणनं होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ 'एमएससी एरीज' हे जहाज धरलं, त्यावर १७ भारतीय होते. कितीतरी घरांत ही नावं बायकोला टीव्हीवरून कळली आणि नवऱ्यानं फोनवर "आमचा रूट वेगळा आहे" एवढंच सांगितलं. रूट तोच असला तरी.

"तिला सांगू नका, उगीच घाबरेल"

ही चूक दोन्हीकडून होते. तो रूट लपवतो. ती सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय हे लपवते. दोघांचाही हेतू मायेचाच, पण काही महिन्यांनी दोघांनाही वास येतो की समोरचं माणूस काहीतरी गाळून बोलतंय. मग साध्या "बरं आहे"वरही विश्वास राहत नाही. आवाज जरा बसलेला वाटला की रात्रभर झोप नाही. खरी बातमी कळली असती तर दोन दिवस रडून मोकळी झाली असती ती बाई; न कळलेल्या बातमीला शेवटच नसतो.

जॉयनिंगच्या आधी बसून ठरवा की काय सांगायचंच. जहाज धोक्याच्या पट्ट्यात कधी शिरणार, साधारण कधी बाहेर पडणार, आणि बाहेर पडल्यावर "पार झालो" असा एक मेसेज, एवढं तरी ठरलेलं असावं. तिनंही घरातलं आजारपण, कर्ज, भांडण यांतलं काय कळवायचं ते ठरवावं. मात्र हे दोघांत राहू दे. जहाज कुठं आहे ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. त्यात फुशारकी नसली तरी ती माहिती बाहेर जाता कामा नये.

तिला दोन शब्दही समजावून सांगा. रेझर वायर म्हणजे कोणी चढू नये म्हणून कठड्याभोवती गुंडाळलेली काटेरी तार. सिटाडेल म्हणजे हल्ला झाला तर सगळ्यांनी आत जाऊन दार लावून घ्यायची जहाजातली भक्कम जागा. माझ्या नवऱ्यानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पेनानं जहाजाचा कच्चा नकाशा काढून मला हे दाखवलं होतं: ही ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली, हा जिना, हे इंजिनरूम, फोन बंद लागला तर बहुतेक आम्ही इथं असू. ते ऐकताना पोटात खड्डा पडला, हे खरं आहे. पण पुढं एकदा फोन बराच वेळ बंद राहिला तेव्हा मला माझा माणूस कुठल्या खोलीत असेल हे डोळ्यांपुढं आणता आलं.

रात्रभर अ‍ॅपवर जहाज बघत बसणं

मोबाईलवर जहाजं दाखवणारी अ‍ॅप्स बहुतेक बायकांकडं असतात. ती ठेवू नका असं मी म्हणणार नाही, पण ती कशी चालतात ते माहीत हवं. जहाजावरचा एआयएस ट्रान्सपॉन्डर व्हीएचएफ रेडिओवर आपली जागा सांगत असतो, आणि किनाऱ्यावरच्या रिसीव्हरला ती साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकू येते. त्यापलीकडची जागा उपग्रहावरून मिळते, ती अ‍ॅपच्या फुकट आवृत्तीत सहसा दिसत नाही. म्हणून खोल समुद्रात गेलेलं जहाज दिवसचे दिवस एकाच ठिकाणी थिजलेलं दिसतं. शिवाय सुरक्षिततेला धोका वाटला तर कॅप्टन एआयएस बंद ठेवू शकतो, आणि धोक्याच्या पट्ट्यात तो तसं करतोही. कोणी खोटे जीपीएस सिग्नल सोडले तर जहाज चक्क जमिनीवर, एखाद्या विमानतळावर दिसतं. पहाटे तीनला असं चित्र बघून कोणाचंही काळीज हलेल.

निशाण गायब झालं की मध्यरात्री नवऱ्याला वीस मिस्ड कॉल देऊ नका. कंपनीचा आपत्कालीन नंबर आधीच घेऊन ठेवा आणि खरंच काही बातमी आली तर तिथंच विचारा. "एवढा वेळ झोपलात का?" हा वादही सोडा. नियमानं त्याला २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी, आणि प्रत्यक्षात तीही तुकड्या-तुकड्यांत मिळते. थर्ड ऑफिसरची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, ८ ते १२, सेकंडची १२ ते ४, चीफची ४ ते ८, दिवसातून दोनदा. फोनची वेळ त्याच्या वॉचवरून ठरवा, आपल्या सिरियलवरून नको. आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ऐकावी: त्याच्या फोनची सगळी मिनिटं आई, काका, मित्र यांच्यात वाटली गेल्यावर उरलेली दोन बायकोला, असं करू नका.

नकार द्यायचा हक्क आहे, पण घर तो वापरू देतं का?

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. आंतरराष्ट्रीय बार्गेनिंग फोरम, म्हणजे आयबीएफ, हा जहाज कंपन्या आणि खलाशांच्या संघटना यांचा मंच; त्याचा करार ज्या जहाजाला लागू आहे, त्यावरच्या खलाशाला युद्धसदृश म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यात जायला नकार देता येतो. कंपनीनं त्याला स्वखर्चानं घरी पाठवायचं आणि दोन महिन्यांच्या मूळ पगाराइतकी भरपाई द्यायची. जो जातो त्याला त्या पट्ट्यातल्या दिवसांचा मूळ पगाराइतका बोनस, किमान ५ दिवसांचा, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर दुप्पट भरपाई. आपल्या काँट्रॅक्टला हा करार लागू आहे का, हे सही करण्याआधी विचारायचं. बहुतेक जण पगाराचा आकडा बघतात आणि सही करतात.

हक्क कागदावर असला तरी त्या पट्ट्यात जाणार का, अशी विचारणा होते तेव्हा जहाज आधीच निघालेलं असतं. सगळे हो म्हणत असतात. कॅप्टन समोर उभा असतो. पुढच्या वेळी बोलावतील का, ही धाकधूक असते. त्या घडीला हो की नाही हे त्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवलेलं असतं बेळगावातल्या हप्त्यांनी.

ओळखीतल्या एका घरात असंच झालं. टिळकवाडीत प्लॉट घेतला, सौहार्द सोसायटीचं कर्ज काढलं, आणि हप्ता ठरवताना बारा महिन्यांचा पगार धरला. जहाजावरचा पगार बारा महिने नसतो. साइन ऑफ झाल्यावर घरी असलेल्या महिन्यांत बहुतेकांच्या हातात काही येत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला. नवऱ्याला विचारणा झाली तेव्हा तो हो म्हणाला आणि बायकोला ते सहीनंतर कळलं. तिचा राग जाण्यावर नव्हता. "मला विचारलं असतं तर मी प्लॉट विकला असता," एवढंच ती म्हणत राहिली. त्या घरात पुढं प्रत्येक भांडण त्या सहीवर जाऊन थांबायचं.

म्हणून हा विषय घरात, शांतपणे, दोघांनी बोलायचा. असं बोलावणं आलं तर आपण जायचं का? नाही म्हणून परत आलो तर किती महिने घर चालेल? हप्ते वर्षाच्या सात-आठ महिन्यांच्या कमाईवर बसवा, आणि पुढचा प्लॉट, चारचाकी, घरावरचा मजला घेण्याआधी निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. तो पैसा म्हणजेच नाही म्हणायची मोकळीक. तरीही दोघांनी मिळून जायचं ठरवलं तर ते ओझं निम्मं होतं, कारण मागाहून "तूच गेलास" असं म्हणायला कोणी उरत नाही.

कर्जाची सुरुवात कधीकधी नोकरीच्याही आधी होते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं "जहाजावर लावतो" म्हणणाऱ्या एजंटला लाखांनी पैसे देतात, आणि ते पैसे येतात नव्या सुनेच्या दागिन्यांवर. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे, जो भारतानं २०१५ मध्ये मान्य केलाय, नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. एजंटकडं जहाज वाहतूक महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करायचा परवाना आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर दिसतं. परवाना नसेल तर दागिने कपाटातच राहू देत.

कागद

लग्नाआधी भरलेल्या फॉर्ममध्ये नॉमिनी आणि जवळचा नातेवाईक म्हणून आई-वडिलांचं नाव असतं, ते तसंच राहतं. वाईट वेळ आली तर कंपनीचा पहिला फोन त्या नंबरवर जातो. नावं बदलून घ्या, भविष्य निर्वाह निधीतही. आपल्याकडं आणखी एक भानगड आहे: २०१४ मध्ये शहराचं नाव सरकारदप्तरी बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि विवाह नोंदणीचा दाखला कन्नडमध्ये. बायकोचं माहेरचं आणि सासरचं नाव याचा घोळ वेगळाच. दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा, काँट्रॅक्टची एक प्रत तिच्याकडं द्या. समुद्री चाच्यांनी डांबून ठेवलं आणि दरम्यान काँट्रॅक्टची मुदत संपली, तरी पगार चालू राहतो, असा नियम २०२० च्या अखेरीपासून लागू आहे. ते मागायला कागद तिच्याच हातात लागतात.

ज्यांच्या कंपन्या ऑफिसरला बायकोला सोबत न्यायची परवानगी देतात त्यांनी ती संधी एकदा तरी घ्यावी, धोक्याचा रूट नसेल तेव्हा. त्याचं काम डोळ्यांनी बघितलं की बरेच वाद आपोआप विरतात.

घरी आल्यानंतरचे दिवस

मुंबईहून रात्रीच्या बसनं तो येतो, सकाळी बॅगा उतरतात, घर भरून जातं. आणि दहा-पंधरा दिवसांनी भांडणं सुरू होतात. बँक, शाळा, गॅस, सासऱ्यांची औषधं हे सगळं तिनं बसवलेलं असतं आणि तो आल्या आल्या हुकूम सोडायला लागतो. पहिले पंधरा दिवस घरातला एकही नियम बदलू नका. लेकरू बापाकडं लगेच जात नसेल तर ओढू नका.

धोक्याच्या पट्ट्यातून आलेल्या माणसात आणखी एक गोष्ट दिसू शकते. गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी दणकली आणि गॅलरीत उभा असलेला धडधाकट गडी मागं सरकून भिंतीला टेकला, हात कठड्यावर घट्ट. विचारलं तर "काही नाही, ऊन लागलं." संध्याकाळी सातला कसलं ऊन? हे नाटक नव्हे आणि भेकडपणा तर नव्हेच. झोप उडणं, बारीक कारणावरून चिडणं, दाराचा आवाज झाला तरी दचकणं हे काही आठवड्यांत ओसरलं तर ठीक. महिना उलटूनही तसंच असेल तर डॉक्टरकडं जायला हवं. पुढच्या जॉयनिंगच्या मेडिकलमध्ये अडकू या भीतीनं तो टाळेल, तेव्हा आधी निदान फोनवर तरी बोलू दे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. जहाजावर असताना सीफेअररहेल्प ही खलाशांसाठीची मोफत सेवा २४ तास चालू असते, तिथं घरच्यांनाही बोलता येतं. या दोन्ही सेवांचे नंबर त्याच्या फोनमध्ये तर असू देतच, तिच्याही फोनमध्ये असू देत, कारण रात्री घरातली झोप फक्त त्याचीच उडालेली नसते.